भागाबाईचा नमस्कार

पारोळ्याला इंदरचंद डॉक्टरांच्या दवाखान्यात मी एकवीस वर्षं कंपाउंडर होतो. गिरधरभाऊंचं औषध कडू आणि तोंड त्याहून कडू, असं माझ्याबद्दल गावात म्हणायचे. म्हणू देत. गोळ्या दिवसातून तीनदा घे म्हटलं की तिन्ही एकदम गिळून येणारी माणसं, त्यांच्यावर ओरडू नको तर काय त्यांची आरती करू? पण ह्या एकवीस वर्षांत एक बाई अशी भेटली की तिच्यावर मला शेवटी ओरडता आलं नाही. तिचं नाव भागाबाई. गावाचं नाव सांगत नाही, पारोळ्यापासून दोन कोस आहे एवढंच सांगतो. सांगितलं तर लोक अजून जातील.

भागाबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना डोकं नाही, पाय आधी आले. असल्या माणसाचा पाय कंबरेला लागला की भरलेली उसण जाते, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. ते थोतांड आहे हे मला माहीत होतं. मी दवाखान्यातला माणूस. टर्पेंटाइन, बेलाडोनाची पट्टी, डॉक्टरांनी दिलेल्या पुड्या, ह्यावर माझा विश्वास. कोणी कंबर धरून आला आणि बोलता बोलता "भागाबाईकडे जाऊन उनू" म्हणाला की मी त्याची बाटली हातातून काढून घ्यायचो. "जा मग तिच्याकडेच. इथं कशाला आलास?"

आणि मग माझीच कंबर गेली.

सदुसष्ट सालची गोष्ट. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा. मिक्स्चरची बरणी खालच्या फळीवरून उचलायला वाकलो आणि कंबरेत कोणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं. आठ दिवसांनी बरं वाटलं. दोन महिन्यांनी पुन्हा. मग ते ठाणच मांडून बसलं. सकाळी उठताना, सायकलवर टांग टाकताना, पायात चप्पल सरकवताना. रागावायचा धंदा माझा, आणि शिंक आली तरी घाबरायची वेळ आली. इंदरचंद डॉक्टरांनी मला तपासलं, पाय वर उचलून पाहिला, आणि म्हणाले, "गिरधर, हे जाणारं दुखणं नाही. ह्याच्याशी संसार करायचा."

"एक करतोय तेवढा पुरे नाही का?" मी म्हणालो.

ते हसले. मग नीट सांगितलं. ढिली बाज सोड, लाकडी फळीवर झोप. उठताना सरळ उठू नको, आधी कुशीवर वळ. काही उचलायचं तर कंबरेत वाकू नको, गुडघ्यात बस आणि वस्तू अंगाशी घे. दिवसातून दोनदा पाठीवर पडून गुडघे वर घे, पोट आवळ, दहा मिनिटं. हे आयुष्यभर. मी मान डोलावली आणि त्यातलं एकही केलं नाही. पेशंटनं ऐकलं नाही म्हणून आरडाओरडा करणारा माणूस मी, पण स्वतः पेशंट झालो तेव्हा सगळ्यांत नाठाळ निघालो.

एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर अशी उसण भरली की मला खाटेवरून उठता येईना. तीन दिवस पट्टी लावली, पुड्या घेतल्या. चौथ्या दिवशी माझी बायको प्रमिलाबाई म्हणाली, "आता माझं ऐका. रविवारी भागाबाईकडे चला."

"लोक काय म्हणतील? कंपाउंडर पायाळूकडे?"

"लोक म्हणतील, गेला एकदाचा. सारा तालुका जाऊन आला, तुमचंच राहिलं होतं."

गेलो. बैलगाडीतून गेलो, तोंडावर उपरणं घेऊन.

अंगणात अकरा माणसं बसली होती. बहुतेक माझेच पेशंट. मला पाहून एकेकाचं तोंड जे फुललं! तोताराम आबा, ज्याची बाटली मी महिन्यापूर्वीच काढून घेतली होती, तो म्हणाला, "या भाऊ, या. आठे नंबर लावना पडस." इथं नंबर लावावा लागतो, हे मला ऐकवत होता. मी ओळीत शेवटी बसलो.

रीत साधी होती. रविवारी सकाळी, उपाशी पोटी यायचं. सारवलेल्या अंगणात पालथं पडायचं. भागाबाई उजव्या पायाची टाच कंबरेवर तीनदा टेकवायची, जरा दाब द्यायची. असे तीन रविवार. ती काही घेत नसे, नारळसुद्धा नाही. पण त्यानंतर जे व्हायचं ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाय लावलेला माणूस उठून उभा राहायचा आणि भागाबाई कंबरेत पूर्ण वाकून त्याच्या पावलांना हात लावायची, तो हात कपाळाला लावायची. थोरामोठ्यांना पाय लावला, त्याचं पाप लागू नये म्हणून. तो माणूस आधी उभा राहिलाच पाहिजे, कारण झोपलेल्याच्या पाया पडत नाहीत. ते मेलेल्या माणसाचं असतं.

ही रीत घातली होती तिच्या सासूनं, ताईबाईनं. अंगणाच्या कडेला बाजेवर ताठ बसलेली म्हातारी. वय अडुसष्टच्या आसपास, अंगावर मांस नाही, पण पाठीचा कणा सरळ. भागाबाई लग्न होऊन आली आणि ती पायाळू आहे हे मागून कळलं तेव्हा ह्याच ताईबाईनं घर डोक्यावर घेतलं होतं. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. ढग गडगडले की सुनेला शेतातून हाकलून घरी बसवायची. मग बावन्न साली सासऱ्याला, पुनाआबाला, कपाशीचं गाठोडं उचलताना उसण भरली. ज्या सासऱ्यापुढं सून पदर खाली येऊ देत नाही, बोलत नाही, त्याच्या पाठीवर पाय द्यायचा! सगळं घर अवघडलं. ताईबाईनं निवाडा दिला: "पाय लाव आनि लगेच पाया पड." पुनाआबा दोन दिवसांत चालायला लागला, आणि तेव्हापासून सतरा वर्षं दर रविवारी अंगण भरत होतं. विजेचं नाव कोणी काढेना. घरात सुनेला मान आला तो त्या पायामुळं.

माझा नंबर बारावा. अंगणात पालथा पडलो. माती गार होती. टाच टेकली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. बरं वाटलं. काय लपवायचं, बरं वाटलं. मी कुशीवर वळून, गुडघ्यावर हात देत उभा राहिलो. भागाबाई माझ्या पायांपाशी वाकली. आणि वर येताना तिनं तळहात स्वतःच्या मांडीवर ठेवला, मग जरा वर, मग अजून वर, जणू स्वतःच्याच अंगावर हातानं चढत होती. ओठ मिटलेले. नाकातून एक श्वास सुटला.

हे उठणं मला पाठ होतं. दोन वर्षं मी घरच्या आरशात तेच बघत होतो.

सगळे जाईपर्यंत थांबलो. ताईबाई आत गेल्यावर भागाबाईकडे पाणी मागितलं आणि हळूच विचारलं, "किती वर्षं झाली?"

"कसाले?"

"कंबरेला."

तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, उन्हानं काळवंडलेली, मोठ्या डोळ्यांची बाई. आधी तिनं दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, "चार वरीस व्हयनात. भाऊ, कोनले सांगू नका. पायाळूनीच कंबर दुखस, ती दुसरासले काय गुन दी?"

खरंच होतं तिचं. पाय गेला की मान गेला. मग ती पुन्हा विजेची सून. नवऱ्यालाही, अभिमनलाही, तिनं सांगितलं नव्हतं. दिवसभर कपाशी वेचायची, डोक्यावर पाण्याचे हंडे, आणि रविवारी दहा-पंधरा वेळा कंबरेतून वाकायचं. डॉक्टरांनी मला जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं ते सगळं ती रीतीनं, नेमानं करत होती.

मला राग आला. तिचा नाही, कोणाचा ते कळेना. आणि त्या रागात मी जे स्वतः कधी केलं नाही ते तिला शिकवायचं ठरवलं. पुढचे दोन रविवार माझे हक्काचे होतेच. पाणी पिण्याच्या निमित्तानं थांबायचो आणि घाईघाईनं सांगायचो. झाडताना वाकू नको, उकिडवी बस. कपाशीची ओटी पुढं लोंबू देऊ नको, अंगाशी बांध. हंडा उचलताना गुडघ्यात बस. उठताना कुशीवर वळ. बाई हुशार. एकदा सांगितलं की पुरे. तिला शिकवायचं म्हणून मीही घरी फळी टाकली, गुडघे वर घेऊन दहा मिनिटं पडू लागलो. प्रमिलाबाई म्हणाली, "भागाबाईचा पाय डोक्यालाही लागला वाटतं."

गुण आला का, असं लोक विचारतात. उसण गेली, हे खरं. मी डॉक्टरांना कबूल केलं तेव्हा ते म्हणाले, "तीन रविवार म्हणजे पंधरा दिवस. पंधरा दिवसांत उसण तशीही जाते."

"मग आपल्या पुड्यांनी जाते ती?"

"तीही तशीच जाते," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मूळ दुखणं मात्र कशानं जात नाही. ते सांभाळावं लागतं, आणि सांभाळायचं म्हणजे रोज काहीतरी सोडायचं. मी बरणी उचलणं सोडलं. डॉक्टरांना सांगून ती वरच्या फळीवर ठेवली. मला ते सांगता आलं, कारण माझ्या कंबरेवर कोणाचा विश्वास टेकलेला नव्हता.

भागाबाईच्या दोन गोष्टी काही केल्या जमेनात. एक म्हणजे दिवसा दहा मिनिटं पडणं. सासू घरात असताना सुनेनं भर दिवसा अंग टाकायचं? आणि दुसरी, नमस्कार. मी म्हटलं, गुडघे टेकून कर. एका रविवारी तिनं करून पाहिलं. बाजेवरून लगेच आवाज आला, "काय वं, वाकाले काय व्हयनं?" अंगणातली सगळी माणसं बघायला लागली. भागाबाई उठली आणि कंबरेतून पूर्ण वाकली, नेहमीपेक्षा जास्त. मी दात आवळले. त्या म्हातारीला दोन शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण कोणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता.

माझे रविवार संपले. जाताना मी तिला बेलाडोनाच्या चार पट्ट्या कागदात गुंडाळून दिल्या. तेवढंच माझ्या हातात होतं.

संक्रांत झाली आणि दवाखान्यात अभिमन आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, मायनी बलावेल शे तुमले. रविवारे या." कशाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चार दिवस प्रमिलाबाईवर उगाच ओरडलो. भागाबाईचं काही कमीजास्त झालं असेल तर दोष माझा होता.

रविवारी अंगणात पाय ठेवला तर ताईबाई बाजेवर बसलेली, आणि तिच्या मांडीवर माझी पट्टी. मळलेली, गोधडीचे धागे चिकटलेली. गोधड्या उन्हात झटकताना तिला ती सापडली असणार. पुनाआबा तर कधीच गेलेला. घरात अभिमनची कंबर ठणठणीत, म्हातारीची ठणठणीत. राहिली कोण ते उघड होतं. तिनं मला समोर बसायची खूण केली. चौदा-पंधरा माणसं होती. भागाबाईचा चेहरा पांढरा पडलेला. तिनंही ती पट्टी पाहिली होती. आता ही म्हातारी सगळ्यांसमोर कंबरेची गोष्ट काढणार, असं तिला वाटलं. मलाही तेच वाटलं.

पहिला नंबर तोताराम आबाचा. त्याची कंबर वर्षातून दोनदा जायचीच. तो पालथा पडला, भागाबाईनं तीनदा टाच टेकवली. तो उठून उभा राहिला. भागाबाईनं पदर सावरला, श्वास घेतला आणि वाकायला लागली.

"थांब," ताईबाई म्हणाली.

ती बाजेवरून उतरली. सावकाश चालत पुढं आली, सुनेला हातानं बाजूला केलं, आणि कंबरेतून वाकून तोतारामच्या पायांना हात लावला.

तोताराम असा मागं उडाला की तुळशीवर जाऊन आदळला. "आजी! काय करतीस? माले पाप लागी! मी तुन्हा पोरना बरोबरीना!"

"सून मना घरनी शे. तिनी पाय लावा काय, मी पाया पडनू काय, एकच शे," ताईबाई म्हणाली. मग सगळ्यांकडं वळून, जरा मोठ्यानं, "सतरा वरीस बठ्ठं सारं पुन्य तिनीच लिधं. मना दिन आते थोडा राह्यनात. थोडं पुन्य मालेबी लेऊ द्या."

पुण्याच्या गोष्टीत कोण आडवं येणार? दुसरा माणूस पालथा पडला, उठला, आणि म्हातारी त्याच्यापुढं वाकली. तो रडकुंडीला आला. तिसरा उठल्या उठल्या पळत सुटला, ताईबाई त्याच्यामागं दोन पावलं गेली. चौथ्यानं पडायच्या आधीच हात जोडले: "आजी, नमस्कार नको. बसल्या जागेवरून आशीर्वाद दे, बस." ताईबाईनं विचार केल्यासारखं केलं. "बरं," म्हणाली.

पुढच्या रविवारी दोघा-तिघांपुढं ती पुन्हा उठली. त्याच्या पुढच्या रविवारी उठायची वेळच आली नाही. पाय लावून झाला की माणसं स्वतःच हात जोडून चार पावलं लांब जायची. सतरा वर्षांची रीत तीन रविवारांत गेली आणि का गेली ते कोणाला कळलं नाही. भागाबाईची कंबर दुखते हे त्या अंगणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या पहिल्या रविवारी मी निघालो तेव्हा ताईबाई फाटकापर्यंत आली. पट्टी माझ्या हातात ठेवली. "हाई खराब व्हयनी. दुसऱ्या धाडा."

मी म्हणालो, "आजी, तुमची स्वतःची कंबर ह्या वयात..."

"मनी कंबर चांगली शे, भाऊ. सतरा वरीस ती मना बोलवर वाकनी. माले काय माहीत, तिले दुखस म्हनून? माले सांगाले नको?" आणि तिचे डोळे भरून आले. मी पट्टी खिशात घातली आणि गाडीत चढलो. म्हातारीबद्दल मनात जे जे बोललो होतो त्याची लाज वाटली.

त्यानंतर दुपारी भागाबाई आतल्या खोलीत फळीवर पडायची, गुडघे वर घेऊन. आणि ताईबाई उंबऱ्यात तूर निवडत बसायची. कोणी आलं की सांगायची, "सूनले मी कामले धाडेल शे." अभिमनलासुद्धा आत सोडायची नाही. दुखणं गेलं नाही. थंडीत वाढायचं, कपाशीच्या दिवसांत वाढायचं, माझंही तसंच. पण ती हिंडत-फिरत होती, शेतात जात होती, आणि रविवारी पाय लावत होती. मी अधूनमधून पट्ट्या घेऊन जायचो. आम्ही दोघं एकमेकांना विचारायचो, कसं आहे, आणि दोघंही म्हणायचो, आहे तसंच आहे. त्यात एक समाधान असायचं, जे दुखणं नसलेल्या माणसाला सांगून कळणार नाही.

पंचाहत्तरच्या चैत्रात ताईबाई गेली. झोपेत गेली, कोणाला त्रास नाही. निरोप आला तसा मी गेलो. अंगणात, जिथं माणसं पालथी पडायची, तिथंच तिला ठेवलं होतं. नातेवाईक एकेक करून पाया पडत होते. भागाबाईची पाळी आली. मी तिच्या मागंच उभा होतो. पाच वर्षं ती कोणापुढं कंबरेतून वाकली नव्हती. मला वाटलं, ती बसेल, गुडघे टेकेल. मी शिकवलं होतं तसं.

ती उभ्यानं वाकली. पूर्ण वाकली, म्हातारीच्या पावलांवर कपाळ टेकलं, आणि तशीच राहिली. किती वेळ, सांगता येत नाही. तिची पाठ थरथरायला लागलेली मला दिसत होती. ते थरथरणं रडण्याचं किती आणि दुखण्याचं किती, हे तिथं फक्त मला कळत होतं. मला राहवेना. मी पुढं होऊन तिच्या दंडाला धरलं, हळूच म्हटलं, "भागाबाई, पुरे. उठा आता. दुखेल."

तिनं मान वर केली नाही.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "आज दुखू द्या."

त्यानंतर तीन आठवडे ती फळीवरून उठली नाही. मी पट्ट्या नेऊन दिल्या, आणि एकदाही ओरडलो नाही.